सावलीच्या परसातल्या यकृतका

फोंडाघाट हे गाव घाटाच्या अगदी पायथ्याशी वसलेले आहे. कणकवलीकडून येणारी सपाटी इथे संपते आणि देवगड-निपाणी रस्ता वळणे घेत वर दाजीपूरच्या रानात, कोल्हापूर जिल्ह्यात चढतो. समुद्रावरून आलेले ढग घाटाच्या याच भिंतीला अडतात, त्यामुळे पावसाचे चार महिने इथल्या हवेतली ओल तुटत नाही. त्यात माड-पोफळींची आणि आंबा-फणसांची दाट सावली, परसामागून वाहणारा व्हाळ, जांभ्याच्या चिऱ्यांचे गडगे, उघड्या बावी. अशा परसात कोणी काही लावले नाही तरी सगळे हिरवे होते. त्यातले नेचे, तेरडे, गवत आपण ओळखतो. त्यांच्याही खाली, दगडाला आणि मातीला अंग चिकटवून वाढणारा एक थर असतो. त्याला सरसकट ‘शेवाळ’ म्हणून आपण पुढे जातो.

त्या थरात निदान चार निरनिराळ्या कुळांतली मंडळी एकत्र नांदत असतात. पायाखाली बुळबुळीत लागते ते बहुधा शैवल. मखमलीसारखे उभे, दाट दिसते ती हरिता, म्हणजे मॉस. जमिनीला सपाट चिकटून फाटे फुटत पसरते ती यकृतका. आणि तिच्यासारखीच दिसणारी, पण अंगावर हिरवी शिंगे उगवणारी ती शृंगका. या प्रकरणात यकृतका ओळखायच्या आहेत आणि त्या आपल्या परसात टिकाव्यात, वाढाव्यात यासाठी काय करायचे ते पाहायचे आहे.

यकृतकांच्या जगात सात हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांना खरे मूळ नाही, फूल नाही, बी नाही आणि पाणी वर चढवणाऱ्या नळ्याही नाहीत. पाणी त्या सगळ्या अंगाने पितात. अर्जेंटिनातल्या सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत जमिनीवरच्या वनस्पतींचे जे बीजाणू सापडले, ते यकृतकांसारख्याच कुठल्यातरी ठेंगण्या, मूळ नसलेल्या झाडोऱ्याचे असावेत असे अभ्यासक मानतात. तेव्हा जमिनीवर ना झाड होते, ना गवत. पाण्यातून कोरड्यावर आलेली वनस्पती कशी जगली असेल याचा अंदाज घ्यायला आजही यकृतकेकडेच पाहिले जाते. मार्केंशिया या यकृतकेचा संपूर्ण जनुकसंच २०१७ साली वाचला गेला तो याच कुतूहलापोटी. आपल्या न्हाणीमागच्या ओल्या चिऱ्यावर तिचीच भावंडे वाढतात, म्हणून खराटा हाती घेण्याआधी एकदा वाकून बघावे असे मला मनापासून वाटते.

बघण्यासाठी दहा पट मोठे दाखवणारे भिंग हवे. सोनाराकडे असते तसले घडीचे भिंग उत्तम. हल्लीच्या फोनचा जवळचे टिपणारा कॅमेराही पुष्कळ काम करतो. पाऊस थांबून तासभर झाला असेल ती वेळ निवडावी. तेव्हा यकृतका पूर्ण फुगलेली असते, पण तिच्यावर पाण्याचा जाड थर नसतो.

यकृतकांचे ठोकळ मानाने दोन गट पडतात. पहिल्या गटात खोड-पान असा भेदच नसतो. सगळे शरीर म्हणजे एक चपटी हिरवी पट्टी. तिला कायक म्हणतात. ही पट्टी टोकाशी दोन फाटे करते, प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन फाटे, असे करत पसरते. दुसऱ्या गटाला बारीक खोड आणि त्याच्या दोन बाजूंना पानांच्या दोन रांगा असतात. नवखा माणूस या दुसऱ्या गटाला हमखास हरिता समजतो. फरक असा की हरितेची पाने बहुधा खोडाभोवती सर्व बाजूंनी येतात आणि त्यांच्या मध्ये शीर असते. यकृतकेची पाने दोन रांगांत सपाट मांडलेली असतात आणि त्यांत मधली शीर नसते. बीजाणूंची पिशवी आली असेल तर शंकाच उरत नाही. हरितेचा देठ तारेसारखा ताठ असतो आणि कित्येक आठवडे टिकतो. यकृतकेचा देठ काचेसारखा पारदर्शक आणि पाणीदार असतो. एखाद्या दिवसात वर येतो, टोकावरची काळसर पिशवी बहुधा चार पाकळ्यांत फुटते, बीजाणू उडतात आणि देठ लोळून विरघळून जातो. हा सोहळा दिसायला नशीब लागते, कारण सकाळी पाहिलेला देठ दुसऱ्या दिवशी जागेवर असेलच असे नाही.

कोकण-सह्याद्रीच्या पट्ट्यात जी नावे परसातल्या माणसाला उपयोगी पडतात, ती आता घेऊ.

गडग्याच्या दरजांत, घाटरस्त्याच्या कापलेल्या दगडी भिंतींवर सर्वांत आधी भेटते ती प्लॅजिओकाझ्मा. जाडसर, निळसर झाक असलेला हिरवा कायक, कडा किंचित जांभळ्या. नखाने एक टोक उचलून पाहिले तर खालची बाजू गर्द जांभळ्या खवल्यांनी झाकलेली दिसते. तिची खूण तिच्या फळणीत आहे. बीजाणू धरणारे छोटे देठ पट्टीच्या टोकातून न येता पाठीच्या मधूनच वर येतात. तिच्याच शेजारी अरुंद पट्टीची ॲस्टरेला असते. हिचे देठ टोकाशी येतात आणि डोक्याखाली पांढऱ्या झिरमिळ्या लोंबतात. भिंगाखाली ही झालर पाहताना मोठी माणसेही लहान मुलांसारखी हरखतात. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्र्यंबक शंकर महाबळे यांनी १९४०च्या दशकात ॲस्टरेलाच्या एका जातीची रचना आणि जीवनक्रम अभ्यासला होता. तेव्हा तिला फिंब्रिआरिया म्हणत. तिसरी टार्जिओनिया. तिला वर देठच नसतो. पट्टीच्या टोकाखाली काळपट जांभळा, दोन शिंपा मिटल्यासारखा एक कोश असतो, त्यात बीजाणू. वरून बघणाऱ्याला तो दिसत नाही, म्हणून टोक हलकेच उलटून पाहावे लागते.

मार्केंशिया जास्त ओलीची चाहती. पाट, न्हाणीच्या पाण्याची वाट, गळक्या टाकीचा पाया या तिच्या जागा. कायक रुंद, पाठीवर चौकोनी-षट्कोनी जाळी आणि प्रत्येक घरात एक ठिपका. तो ठिपका म्हणजे हवा आत घेणारे भोक. पानावरच्या छिद्रासारखे ते उघडझाप करत नाही. पिंपाच्या आकाराची ती एक उघडी चिमणी असते. मार्केंशियाची ठळक खूण म्हणजे पाठीवरचे गोल पेले. प्रत्येक पेल्यात हिरव्या टिकल्या भरलेल्या असतात. पावसाचा थेंब पेल्यात पडला की टिकल्या उडतात आणि हातभर अंतरावर जाऊन पडतात. ओली माती मिळाली तर प्रत्येक टिकली नवी यकृतका होते. टिकलीला वरची-खालची बाजू ठरलेली नसते. जी बाजू मातीकडे पडेल तिला धागे फुटतात, दुसरी पाठ बनते. नर आणि मादी रोपे वेगळी असतात. दोन्हींवर छत्र्या उगवतात. नराची छत्री चपटी तबकडी, मादीची छत्री बोटांसारख्या फाट्यांची. नराच्या तबकडीवर पावसाचे पाणी साचते, त्यात पुंपेशी सुटतात आणि थेंबांच्या उडण्यातून, पाण्याच्या पातळ थरातून पोहत त्या मादीपर्यंत जातात. म्हणजे इथे मधमाशीचे काम पाऊसच करतो. पाऊस मध्येच आठवडाभर ओढला तर हे सगळे अडून राहते.

आता मला सर्वांत आवडणारी सायाथोडियम. आषाढात एखाद्या जुन्या बावीत डोकवा, किंवा पाणंदीच्या कडेला मातीची भिंत आत कोरली गेली असेल तिथे वाकून बघा. अंधाऱ्या कोपऱ्यात पिवळसर हिरवा उजेड पडल्यासारखा दिसतो. बोट लावले तर हाताला ओल्या कागदाहूनही पातळ काहीतरी लागते. हा उजेड तिचा स्वतःचा नसतो. काजव्यासारखे रसायन तिच्यात नाही. तिच्या अंगाचे थर इतके पातळ आणि पेशींची ठेवण अशी की आत शिरलेला अंधुक उजेड एकवटतो आणि काही भाग आपल्या डोळ्यांकडे परत फिरतो. म्हणून जागा बदलून पाहिले तर झळाळी नाहीशी होते. ज्या उजेडात दुसऱ्या बहुतेक हिरव्या वनस्पती उपाशी मरतील, तिथे ही संसार करते. तिच्या एका जातीला, सायाथोडियम ट्युबरोसम हिला, लाहोरचे शिवराम कश्यप यांनी १९१४ साली नाव दिले. कश्यपांना भारतीय यकृतकाविद्येचे जनक मानतात. त्यांच्या पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानातल्या यकृतकांवरच्या ग्रंथाचे दोन भाग १९२९ आणि १९३२ साली निघाले आणि पुढच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. ट्युबरोसम जातीच्या टोकाला बारीक गाठी धरतात. पाऊस सरला की वरचा पडदा कुजून जातो, गाठी मातीत राहतात आणि पुढच्या मृगात पुन्हा फुटतात. ज्या भिंतीवर ऑक्टोबरात काहीच दिसत नाही, ती भिंत रिकामी असेलच असे नाही, हे परसवाल्याने पक्के ध्यानात ठेवायचे.

बाकीच्यांचा थोडक्यात परिचय पुरे. व्हाळाच्या काठच्या चिखलात कुरळ्या पानांची, जांभळ्या धाग्यांची फॉसोम्ब्रोनिया येते. सतत ठिबकणाऱ्या जागी पातळ, मधोमध शीर असलेली पॅलाव्हिसिनिया आणि गर्द हिरवी, तळहाताएवढे थर करणारी ड्युमॉर्टिएरा. रिक्सिया उजेडातली. भाताच्या बांधावर, खळ्याच्या कडेला रुपयाएवढी चक्री करून बसते. तिचे बीजाणू अंगातच पिकतात आणि अंग कुजल्यावर सुटतात.

दोन रांगांच्या पानांची मंडळी बहुतेक झाडांवर भेटतात. आंब्याच्या जुन्या सालीवर, पोफळीच्या खोडाच्या सावलीच्या बाजूला हिरव्या-तपकिरी नक्षीसारखी लेज्युनिया आणि लालसर फ्रुलॅनिया चिकटलेली असते. यांच्या प्रत्येक पानाची खालची घडी दुमडून छोटी पिशवी झालेली असते, तिच्यात पाणी साठते. घाटातल्या दमट रानात तर ही मंडळी जिवंत पानांच्या पृष्ठावरही राहतात. फ्रुलॅनिया उघड्या हाताने चोळू नये. काही लोकांना तिच्यातल्या द्रव्यांमुळे अंगाला खाज येते, युरोप-कॅनडातल्या लाकूडतोड्यांना हा त्रास होत असल्याची नोंद आहे.

फसवणारी सोंगे बरीच आहेत. त्यांतले सर्वांत मोठे म्हणजे नेच्याचे बाळरूप. नेच्याचा बीजाणू रुजला की आधी एक हिरवी, बदामाच्या आकाराची, काही मिलिमीटरची पातळ चकती तयार होते. तिच्यावर पुढे नेचा उगवतो. ही चकती फाटे करत नाही, तिच्या पाठीवर ठिपके नसतात, आणि दोन-तीन आठवडे थांबले तर खाचेतून नेच्याचे पहिले पान वर येते. शृंगकेचा कायक यकृतकेसारखाच चपटा, पण त्यावर उभी हिरवी शिंगे येतात आणि ती टोकाकडून चिरत खाली फाटतात. उजेडात धरले तर तिच्या अंगात काळपट निळे ठिपके दिसतात. ते नॉस्टॉक या नील-हरित जीवाचे मुक्काम. राखाडी, कोरडे, कुरकुरीत असेल तर ते दगडफूल. झाडाच्या खोडावर किंवा भिंतीवर नारिंगी लव दिसली तर तेही शैवलच, ट्रेंटेपोहलिया नावाचे. आणि घाटातल्या वाहत्या ओढ्यांत खडकाला घट्ट चिकटलेली, अगदी यकृतकेसारखी दिसणारी वनस्पती असते ती चक्क फुलझाड आहे, पोडोस्टेमेसी कुळातली. पाणी उतरले की ती फुलते. अनुभवी माणसेही तिथे क्षणभर थबकतात.

ओळख झाली की पुढचा प्रश्न येतो तो भीतीचा. शेवाळ भिंत पोखरते, झाडाचा रस शोषते, असे आपल्याकडे ठामपणे सांगतात. यकृतकेचे धागे एकेका पेशीचे असतात. त्यांचे काम पकड धरण्याचे आणि थोडे पाणी ओढण्याचे. चिरा फोडण्याची ताकद त्यांत नाही. भिंत खरोखर फोडतात ते पिंपळ, वड आणि उंबर. त्यांचे बी पक्षी दरजेत टाकतात आणि ओल्या हिरव्या थरात ते रुजूही शकते, हे खरे आहे. म्हणून पिंपळाचे रोप दोन पानांवर असतानाच उपटावे. त्यासाठी अख्खी भिंत खरवडायची गरज नाही. झाडांचेही तेच. आंब्या-पोफळीच्या सालीवरची यकृतका सालीवर नुसती बसलेली असते, आतल्या रसाला ती हात लावत नाही. झाड खंगले की त्याची पानगळ होते, उजेड वाढतो, सालीवरचा थर जास्त डोळ्यांत भरतो आणि दोष त्याच्यावर येतो. एका ठिकाणी मात्र मी खरवडणाऱ्याच्या बाजूने आहे. पायऱ्या, बावीचा काठ, न्हाणीची वाट, म्हाताऱ्या माणसांची ये-जा असेल तो प्रत्येक चिरा स्वच्छ ठेवलाच पाहिजे. तिथे खराटा आणि पाणी पुरते. ॲसिड ओतू नये, कारण ते वाहत जाऊन पलीकडच्या भिंतीचाही घास घेते.

यकृतका वाढवायची म्हणजे रोप आणून लावायचे, हा विचार आधी बाजूला ठेवावा. फोंडाघाटसारख्या गावात बीजाणू हवेत आणि टिकल्या पावसात आहेतच. आपण जागा द्यायची. घराच्या उत्तरेकडचे जोते, मागचा गडगा किंवा बावीजवळचा कोपरा निवडावा, जिथे दुपारचे ऊन पोहोचत नाही. पागोळीची धार जिथे थेट आपटते तिथे माती उधळते, काही टिकत नाही. पण त्या धारेचे तुषार जोत्याच्या ज्या वीतभर पट्ट्यावर उडतात, ती जागा फार मोलाची. तिथे हाताने तासलेले, खडबडीत चिरे थोडे तिरके, अर्धे मातीत पुरून बसवावेत. जांभा भोकाभोकांचा असतो, पाऊस थांबल्यावरही तास न् तास ओल धरतो. चिऱ्यांमध्ये चाळलेली तांबडी माती भरून ती थापून घट्ट करावी. भुसभुशीत माती भाजीला चांगली, यकृतकेला नाही, कारण पहिल्याच सरीत टिकल्या मातीसकट वाहून जातात. शेण, लेंडीखत, युरिया यांतले काहीही घालू नये. खत मिळाले की गवत आणि शैवल आधी माजतात आणि यकृतका त्यांच्याखाली गुदमरते. ताक किंवा दही फासले की हिरवे लवकर येते असे सांगितले जाते, पण त्यावर येते ती बुरशी.

घाई असेल तर मृग लागल्यावर स्वतःच्याच परसातल्या, किंवा शेजाऱ्याने हौसेने दिलेल्या थरातला नखाएवढा तुकडा खालच्या मातीसकट सुरीने उचलावा आणि नव्या जागी घट्ट दाबून बसवावा. दाबणे महत्त्वाचे आहे. मधे हवा राहिली तर धागे पकड घेत नाहीत. कापलेल्या मार्केंशियाच्या तुकड्यातून नवी टोके फुटतात, त्यामुळे तुकडा लहान असला तरी चालते. आर्द्रात नीट पाऊस लागला तर पुष्यापर्यंत नवी वाढ दिसू लागते. घाटातून किंवा दाजीपूरच्या रानातून मात्र काहीही आणायचे नाही. दाजीपूर-राधानगरीचे हे जंगल १९५८ पासून अभयारण्य आहे, २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, आणि अभयारण्यातून वनस्पती काढणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शिवाय ९०० मीटरच्या आसपासच्या ढगांत वाढलेली जात खाली कोकणच्या उकाड्यात फार दिवस काढत नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीवरही नजर ठेवावी. मातीवर चंद्रकोरीच्या आकाराचे पेले असलेली यकृतका दिसली तर ती ल्युन्युलारिया, भूमध्य समुद्राकडची. कुंड्यांबरोबर ती जगभर गेली आहे. कुंडीतला वरचा बोटभर थर काढून टाकणे बरे.

पावसाळ्यातली देखभाल एवढीच की पाला हटवत राहायचे. फणसाचे एक मोठे पान पंधरा दिवस ओल्या थरावर पडून राहिले तर त्याच्या मापाचा पिवळा डाग उरतो. पाला हाताने उचलावा. हिरांच्या झाडणीने झाडले तर पाल्याबरोबर यकृतकाही सोलून निघते. गवत कोवळे असतानाच बोटांनी काढावे.

दिवाळीनंतरचा काळ समजून घेण्यासारखा आहे. प्लॅजिओकाझ्मा आणि टार्जिओनिया कडा आत वळवून घेतात, वर खालचे जांभळे खवले दिसू लागतात आणि दगडावर काळ्या वळ्या उरतात. आपल्याला यकृतका मेली असे वाटते. ती वाळून निजलेली असते आणि पाऊस आला की पुन्हा उलगडते. या काळात दया येऊन दुपारी तिच्यावर तांब्याभर पाणी ओतणे हाच सर्वांत मोठा अपाय. पाणी लागताच ती जागी होते, वाळताना मोडलेले दुरुस्त करायला साठवलेले अन्न खर्च करते आणि नवे अन्न बनवण्याआधीच उन्हाने पुन्हा वाळते. असे दहा-वीस वेळा झाले की साठा संपतो आणि मग ती खरोखर मरते. कोरडी ठेवायची असेल तर पूर्ण कोरडी ठेवावी. मार्केंशिया, ड्युमॉर्टिएरा, पॅलाव्हिसिनिया यांना हा वळून निजण्याचा हुन्नर जवळजवळ नाही, त्यांना बारमाही ओलच हवी. म्हणून त्यांची जागा पाटाच्या किंवा पाझराच्या काठी, आणि तिथे साबणाचे पाणी जाऊ द्यायचे नाही.

परसातल्या यकृतकांचा खरा नाश होतो तो आपल्या काही सवयींमुळे. पोफळीची फळे कुजवणाऱ्या कोळेरोगावर पावसाच्या तोंडाशी आणि पुन्हा दीड महिन्याने बोर्डो मिश्रण मारतात, १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचूद म्हणजे तांब्याचे संयुग. यकृतकेला साल नाही, मेणाचा जाड थर नाही, अंगावर पडेल ते ती पिते, आणि तांबे तिला मानवत नाही. बागायतदाराने पीक वाचवायचेच आहे, त्याबद्दल वाद नाही. फवारा घडावरच राहील, खोडावरून ओघळ उतरणार नाहीत एवढे पाहिले तरी पुष्कळ. काही बागांत घडांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून कोळेरोग रोखतात, घराजवळच्या चार-सहा पोफळींना तो उपाय सहज करता येतो. तणनाशकाचे मात्र परसात काही काम नाही. पिण्याच्या बावीत ब्लीचिंग पावडर टाकणे आवश्यक आहे. ती बादलीत कालवून, निवळी करून, मधोमध पाण्यात सोडायची असते. काठावरून कोरडी पूड भिरकावली की आतल्या भिंतीवरची सायाथोडियम जाते आणि पाण्याचे शुद्धीकरणही धड होत नाही. अलीकडे चिऱ्यांवर चकचकीत लॅकर मारण्याची पद्धत आली आहे. त्याने जांभ्याची भोके बुजतात, ओल आत जात नाही, आणि त्या भिंतीवर पुढची कित्येक वर्षे काही उगवत नाही. गडग्याच्या जागी सिमेंटचे कुंपण घातले की तीच गत. नवे सिमेंट फार अल्कधर्मी असते, ते निवायला बरेच पावसाळे जातात. घराची दर्शनी भिंत रंगवा, पण मागचा चिरा उघडा राहू द्या, एवढेच माझे मागणे आहे.

शेवटची गोष्ट वेळेची. आपली मोठी साफसफाई गणपतीच्या आधी होते. चाकरमानी यायचे असतात, खळे, पाणंद, गडगे सगळे खरवडून लख्ख केले जाते. श्रावण-भाद्रपदाचा हाच काळ यकृतकांच्या भर वाढीचा. छत्र्या उभ्या राहिलेल्या असतात, पेले भरलेले असतात, सायाथोडियमच्या गाठी धरत असतात, आणि प्लॅजिओकाझ्मा-ॲस्टरेलाच्या पिशव्या पाऊस सरता सरता पिकायच्या असतात. खरवडलेल्या भिंतीवर पुढच्या वर्षीचे बियाणे उरत नाही. तेव्हा पुढचे अंगण, पायऱ्या, पाणंद जरूर घासा. मागच्या गडग्याचा उत्तरेकडचा दोन हात भाग मात्र दिवाळीपर्यंत तसाच ठेवा, घरातल्या मुलांच्या हाती एक भिंग द्या आणि त्यांना तिथे काय काय सापडते ते वहीत लिहायला सांगा.